कंडक्टर पुन्हा पहिल्या अंकात

आमचा महानायक बस कंडक्टर होता. पेडण्याहून डिचोलीला जाणाऱ्या गाडीत तो तिकिटं फाडायचा, सुट्ट्या पैशांवरून लोकांशी हुज्जत घालायचा आणि कुठे संकट उभं राहिलं की शिट्टी दोनदा फुंकून हवेत उठायचा. पाठीवर बसच्या खिडकीला असते तसली हिरवी ताडपत्री. तोंडावर बुरखाबिरखा काही नाही. तरी त्याला कोणी ओळखत नसे, कारण कंडक्टरच्या तोंडाकडे बघतो कोण? हे कारण मी पहिल्याच गोष्टीत देऊन ठेवलं होतं आणि पोरांना ते बिनतक्रार पटलं होतं.

गोष्टी मी लिहायचे. मी धारगळची, शाळेत मराठी शिकवते. चित्रं काढायची माझी मैत्रीण. ती इब्रामपूरची, माझ्याच शाळेत चित्रकला शिकवते आणि चतुर्थी जवळ आली की वडिलांच्या चित्रशाळेत गणपतीचे डोळे रंगवायला बसते. आम्ही दोघी नोकरीला नव्या लागलो होतो तेव्हा डिचोलीच्या बाजारात छापखाना चालवणाऱ्या एका काकांनी मुलांचं मासिक काढायचं मनावर घेतलं आणि शेवटच्या आठ पानांसाठी आम्हाला धरलं. "दोन-तीन महिने करून बघूया," काका म्हणाले होते. त्यानंतर माझं लग्न झालं, मैत्रिणीचं झालं, मुलं झाली, कंडक्टर मात्र दर महिन्याला उडतच राहिला.

इतकी वर्षं उडणाऱ्या माणसाच्या आयुष्यात जे व्हायचं ते सगळं झालं. बंद खाणीच्या खंदकात राहणाऱ्या लाल मातीच्या दैत्याने त्याला एकदा मारलं. वाचकांनी एवढा आरडाओरडा केला की मला त्याला जिवंत करावं लागलं, आणि त्यासाठी मेला तो त्याचा जुळा भाऊ होता असं ठरलं. पुढे जुळ्याचाही लोकांना लळा लागला, म्हणून तोही परत आला. मग एक वर्षभर कंडक्टरची स्मृती गेली. मग त्याचं लग्न झालं.

ते लग्न म्हणजे आमच्या कारकिर्दीचा कळस. नवरी डिचोलीच्या बाजारात शिवणकाम करणारी, गळ्यात कायम मापाची फीत. फाटलेली ताडपत्री शिवायला तो तिच्याकडे जायचा आणि ती त्याला काही न विचारता शिवून द्यायची. शेवटी एकदा त्याने तिला तिकीट फाडून दिलं आणि त्यावर उतरण्याचं ठिकाणच लिहिलं नाही. ते चित्र बघून काकांच्याही डोळ्यांत पाणी आलं. लग्नाचा अंक निघाला तेव्हा कुणीतरी छापखान्यात नवरीसाठी ओटी पाठवली: नारळ, तांदूळ, खण आणि वर केसांत माळायला आबोलीची फाती. पाठवणारीचं नाव नव्हतं. काकांनी नारळ फोडून आम्हा सगळ्यांना खोबरं वाटलं.

पण नवीन वाचक येईनासे झाले होते. जुने होते ते मोठे झाले, नोकऱ्यांना लागले, काही परदेशी गेले. त्यांच्यातले काही अजून अंक मागवत. शाळेतली पोरं मात्र आठ पानं चाळून ठेवून देत.

मला ते नीट कळलं डिचोलीला नव्या सोमवारच्या उत्सवात भरणाऱ्या फेरीत, जत्रेच्या बाजारात. काकांनी तिथे एक मेज मांडून मासिक विकायला ठेवलं होतं आणि आम्ही दोघी मदतीला उभ्या होतो. एक दहा-अकरा वर्षांची मुलगी वडिलांचा हात सोडून आली. तिने अंक उचलला. कंडक्टर तिला आवडला हे तिच्या तोंडावरून दिसत होतं. दोन पानं वाचून ती म्हणाली, "हा दोन-दोन का आहे?"

"तो त्याचा जुळा भाऊ," मी म्हणाले.

"मग हा त्याला बघून दचकला का?"

"कारण तो मेला होता ना. म्हणजे मेला नव्हता. आधी हा मेला असं वाटलं होतं, पण मेला तो. मग तोही..."

मी सांगत गेले. सांगताना मलाच कळत होतं की मी खंदकातून दैत्याकडे, दैत्याकडून स्मृतीकडे आणि तिथून लग्नाकडे चालले आहे आणि मुलगी अजून पहिल्या पानावरच उभी आहे. ती बिचारी मान हलवत ऐकत राहिली. शेवटी वडील आले आणि म्हणाले, "चल गो, तुला खाजें घ्यायचं होतं ना?" तिने अंक अगदी जपून, जागेवर सरळ करून ठेवला आणि गेली. थोड्या वेळाने ती कागदाच्या पुडीतलं खाजें खात आमच्यासमोरून गेली तेव्हा माझ्याकडे बघून हसलीसुद्धा. मैत्रीण मला म्हणाली, "तू तिला मराठीचा धडा शिकवलास."

पुढच्या आठवड्यात काकांनी आम्हाला छापखान्यात बोलावलं. यंत्राचा आवाज थांबवून म्हणाले, "मी ठरवलं आहे. सगळं पुसून टाका. अंक पहिला, पान पहिलं. कंडक्टर आज नोकरीला लागला. काहीच झालेलं नाही."

"काहीच नाही म्हणजे?"

"म्हणजे दैत्य नाही, जुळा नाही, लग्न नाही. परदेशातल्या मोठमोठ्या कंपन्या हेच करतात. त्यांचे महानायक माझ्या वयाचे आहेत, पण दर काही वर्षांनी पुन्हा पहिल्यापासून जन्माला येतात. माझ्या जावयाने दाखवलं मला. लोक रांग लावतात."

मला राग आला. मी म्हणाले, "आणि जे आजपर्यंत वाचत आले त्यांनी काय करायचं? त्यांना काय सांगायचं, तुम्ही वाचलं ते सगळं खोटं?"

मैत्रीण माझ्या बाजूने बोलेल असं मी धरून चालले होते. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मला आवडेल. त्याची मिशी काढून काढून माझा हात दुखला."

"मिशीसाठी?"

"मिशीसाठी नव्हे गो. आम्ही दरवर्षी गणपती करतो. तोच गणपती, पण माती नवी. गेल्या वर्षीचाच बाहेर काढून कोणी रंगवत नाही. मी याला इतकी वर्षं नुसती डागडुजी करत आले आहे."

परतीच्या बसमध्ये आम्ही दोघी वेगवेगळ्या बाकांवर बसलो. अस्नोड्याला तिच्या शेजारची बाई उतरली, तेव्हा मी उठून तिच्याजवळ जाऊन बसले. ती म्हणाली, "एक सांगू? त्या मुलीला तू जे सांगत होतीस ना, ते मलाही सगळं आठवत नव्हतं. आणि चित्रं मी काढलेली."



नवा पहिला अंक लिहायला बसले तेव्हा मी रुसूनच बसले होते. पण पहिलं वाक्य लिहिलं, 'आज नोकरीचा पहिला दिवस,' आणि हात चालू लागला. आता तो एकोणीस-वीस वर्षांचा, मिशी नुकती फुटलेली. हातात तिकिटाचं यंत्र, ते त्याला धड चालवता येत नाही. दुसऱ्याच थांब्यावर यंत्रातून तिकिटांची लांबच लांब माळ बाहेर येते आणि अख्खी बस हसते. जुन्या कंडक्टरला मी कधी चुकू दिलं नव्हतं, तो जन्मल्यापासूनच तरबेज होता. हा नवा पोरगा चुकत होता आणि मला लिहिताना हसू येत होतं. हवेत उठायचं कसं तेही त्याला ठाऊक नव्हतं. पहिल्यांदा उठला तेव्हा बसच्या टपाला डोकं आपटलं.

अंक निघाला आणि काकांचं म्हणणं खरं ठरलं. पेडण्याच्या दुकानातला गठ्ठा संपला, डिचोलीतला संपला. आमच्या शाळेत तर एकच अंक वर्गभर फिरून त्याची पानं सुटली. जी मुलं कधी वळून बघत नसत ती मधल्या सुट्टीत येऊन विचारू लागली, "टीचर, पुढे काय?" काकांनी पोदेराच्या भट्टीतले गरम उंडे-पाव मागवून सगळ्यांना चहा पाजला आणि मला म्हणाले, "आता बोल!" मी उंडा खाल्ला.

दुसरा अंक आला आणि निम्मी गर्दी ओसरली. तिसऱ्याला आणखी. चौथ्या महिन्यात काका पुन्हा यंत्र थांबवून बसले. लोकांनी पहिला अंक घेतला तो पहिला होता म्हणून, बऱ्याच जणांनी तर नुसता ठेवायला घेतला होता. मधल्या काळात जुन्यांपैकी काहींनी वर्गणी बंद केली होती. जमाखर्च जिथे होता तिथेच येऊन थांबला. काका म्हणाले, "परदेशात पण असंच होतं म्हणे. जावयाने हे आधी सांगितलं नव्हतं."

त्याच दिवसांत मी पेडण्याला बँकेत गेले होते. पासबुक भरून घ्यायचं होतं. काचेपलीकडे बसलेल्या बाईंना मी तोंडओळखीने ओळखत होते, त्याही मला टीचर म्हणून ओळखत. त्यांनी पासबुक हातात घेतलं, माझं नाव वाचलं, पुन्हा वाचलं आणि मान वर केली.

"मासिकात लिहितात त्या तुम्हीच काय?"

मी खूश होऊन हो म्हणाले.

"मग तुम्ही तिचा संसार का मोडलात?"

माझ्यामागे रांग होती. सगळी रांग पुढे सरकली.

"इतका चांगला चाललेला संसार," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण पासबुक त्यांनी घट्ट धरलं होतं. "तिने काय कमी केलं त्याच्यासाठी? रात्र रात्र बसून शिवून द्यायची. आणि आता तो तिला ओळखत पण नाही!"

मागून एक म्हातारे गृहस्थ पुढे वाकले. "कोणाचो संसार मोडलो गो बाय?"

"हे टीचरान मोडलो," बाई म्हणाल्या.

म्हाताऱ्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "शिकलेली सवरलेली तू," ते म्हणाले, "असां करू नये गो."

मी त्यांना समजावू लागले की तो खरा माणूस नाही, मासिकातला कंडक्टर आहे. त्यावर रांगेतला दुसरा एक जण म्हणाला, "कंडक्टर असला म्हणून काय झालं, तो पण माणूसच ना?" आता मात्र बाईंनाच हसू फुटलं. हसता हसता त्यांनी डोळे पुसले, पासबुक यंत्रात घातलं आणि मला म्हणाल्या, "माझी सुटी झाली की घरी चला. जवळच राहते मी. चहा प्यायल्याशिवाय सोडायची नाही तुम्हाला."

त्यांचं घर पेडण्याच्या बाजारापासून चार पावलांवर. वाटेत त्यांनी मला सांगितलं की ती ओटी त्यांनी पाठवली होती. त्या तेव्हा नुकत्याच लग्न होऊन पेडण्यात आल्या होत्या, ओळखीचं कोणी नव्हतं, नवरा दिवसभर कामावर. "ती टेलरीण पण तशीच एकटी होती ना," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, तिच्या माहेराहून कोणीतरी काहीतरी पाठवायला पाहिजे."

घरी त्यांची मुलगी होती, नववीतली. मी कोण हे कळल्यावर ती आतून नवे चारही अंक घेऊन आली. तिच्या अंकांच्या कडा वापरून मऊ झाल्या होत्या.

"हिला मी किती वर्षं सांगतेय, वाच, वाच," बाई म्हणाल्या. "गठ्ठा बांधून ठेवलाय हिच्यासाठी. कधी हात लावला नाही. आणि हा नवा पहिला अंक मी रागाने आणून टाकला खुर्चीवर, तर हिने उचलला!"

"का गो?" मी मुलीला विचारलं. मला खरंच जाणून घ्यायचं होतं.

ती जरा विचार करून म्हणाली, "जुन्यात आईला सगळं ठाऊक असतं. मी एक पान वाचलं की ती म्हणणार, थांब, याच्या आधी असं झालं होतं. कधी कधी पुढचं पण सांगून टाकते. नव्यात तिला पण पुढचं ठाऊक नव्हतं. आम्ही दोघी सारख्याच."

"म्हणजे जुना गठ्ठा तसाच?"

"नाही, आता वाचते. आई सारखी म्हणायची टेलरीण, टेलरीण. म्हटलं बघूया तरी कोण ही. लग्नाच्या अंकापासून सुरुवात केली आणि उलटी मागे मागे जातेय."

"उलटी कोण वाचतं का!" बाई म्हणाल्या.

"मला कळतंय, तुला काय त्याचं?"

मायलेकींची तिथेच जुंपली. जुना कंडक्टर बरा की नवा? आईचं म्हणणं, जुना होता तो माणूस, हा पोरखेळ. मुलीचं म्हणणं, जुना कधी घाबरतच नाही, त्याच्याबद्दल काळजी वाटणार कशी? मी चहाचा कप हातात धरून दोघींकडे आळीपाळीने बघत होते. माझ्याकडे दोघींचंही लक्ष नव्हतं. इतक्या वर्षांत मला इतकं बरं वाटल्याचं आठवत नाही.

निघताना मुलीने दुसरा अंक उघडून माझ्यासमोर धरला. "टीचर, ही मागच्या खिडकीपाशी बसलेली, हीच ती ना? हिच्या गळ्यात फीत आहे."

मी वाकून बघितलं. गर्दीच्या चित्रात, नखाएवढ्या जागेत, एक बाई खिडकीबाहेर बघत बसली होती. गळ्यात मापाची फीत. मी लिहिलं नव्हतं ते. मी नुसतं 'बसमध्ये गर्दी' एवढंच लिहिलं होतं.

बाहेर पडल्या पडल्या मैत्रिणीला फोन लावला. ती चित्रशाळेत होती, मागे कोणीतरी माती थोपटत असल्याचा आवाज येत होता.

"तू तिला बसवलंस?" मी विचारलं.

"तिसऱ्यात पण आहे," ती म्हणाली. "चौथ्यात पण. मला वाटलं तुला दिसेल. तू आपली लिहिलेली अक्षरंच वाचत बसतेस."

"पण पुसून टाकायला तूच तयार होतीस ना?"

"मिशी पुसायला तयार होते. हिला कशी टाकणार? तिला काढायला शिकायलाच मला वर्ष लागलं होतं."

पाचव्या अंकात ती खिडकीपासून उठली. आम्ही लग्न लावलं नाही, घाई केली नाही. आता तिला भाऊ आहे, कर्ज काढून घेतलेलं शिवणयंत्र आहे आणि जीभ फार तिखट आहे. कंडक्टर ताडपत्री घेऊन आला तर तिने आधी सांगितलं की ताडपत्री पाठीवर बांधून हवेत उडणं हा मूर्खपणा आहे, वारा भरतो, आणि मग नवीन कापड स्वतः निवडलं. जुन्या टेलरणीने असं कधी केलं नसतं, ती न बोलता शिवून द्यायची. लिहिताना मला भीती वाटत होती की बँकेतल्या बाई आता मला पासबुकही परत देणार नाहीत.

अंक निघाल्यावर मी मुद्दाम बँकेत गेले. पैसेही काढायचे नव्हते. काचेपलीकडून त्यांनी मला बघितलं, हातातलं काम पुरं केलं आणि म्हणाल्या, "ही ती नव्हे."

"नव्हे," मी म्हणाले.

"पण बरी आहे." मग आवाज खाली करून, "पोरीला तर हीच जास्त आवडते. मी तिला सांगितलंय, आधी सगळा गठ्ठा संपव आणि मग बोल." एवढं बोलून त्यांनी मागच्याला बोलावलं.

काका मला अजून विचारतात, शेवटी फायदा झाला की नाही? मी त्यांना म्हणते, तुमच्या वहीत बघा. ते म्हणतात वहीत जेमतेम थोडा झाला आहे. जुने गेले त्यातले काही कुरकुरत परत आले, नव्यांतले थोडे टिकले. टिकलेल्यांपैकी पुष्कळ जण असे, ज्यांच्या घरात किंवा वर्गात भांडायला दुसरं कोणीतरी वाचणारं होतं. पहिल्या अंकाने दार उघडलं एवढं खरं. पण आत येऊन बसायचं तर कोणालातरी सरकून जागा द्यावी लागते. काकांनी परवा पुन्हा विषय काढला, तीन-चार वर्षांनी आणखी एकदा पहिला अंक काढूया का म्हणून. मैत्रिणीने ब्रश धुता धुता त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांनी यंत्र सुरू केलं.

गेल्या महिन्यात आमच्या वर्गात एक नवी मुलगी आली. बेळगावकडची, वडील इथे बांधकामावर. मधल्या सुट्टीच्या शेवटी मी वर्गावरून जात होते तर तिच्याभोवती चार-पाच जणींचा घोळका. एकीच्या हातात मासिक. दोघी एकदम तिला कंडक्टरची गोष्ट सांगत होत्या आणि दोघींची सगळी चुकत होती. एकीने जुना जुळा भाऊ नव्या गोष्टीत घुसडला होता, तो तिला बहुतेक मोठ्या भावाकडून कळला असावा. दुसरी म्हणत होती की टेलरीणच खरी उडते, तो नुसता तिकिटं फाडतो. मला राहवेना. मी दारात थांबले, सांगायला तोंड उघडलं.

नवी मुलगी तेवढ्यात म्हणाली, "ते ऱ्हाऊ दे. आता कुठं हाय त्यो?"

"आता अस्नोड्याच्या पुलावर लटकलाय, खाली मगर आहे."

"मग द्या की हिकडं," ती म्हणाली आणि अंक ओढून घेतला. "तिथनंच वाचते."

तिने मधलं पान उघडलं. बाकीच्या तिच्या खांद्यावरून वाकल्या. मी तोंड मिटलं आणि खडू घेऊन पुढच्या वर्गाकडे गेले.